कोर्ट नाक्यावरचा बटण-मोज्या: अख्ख्या कॉम्प्युटरचा कीबोर्ड-माउस ऐकणारा प्रोग्राम कसा लिहावा

ठाण्यात कोर्ट नाक्याजवळ माझ्या मावशीचं टायपिंगचं छोटं दुकान आहे. प्रतिज्ञापत्रं, भाडेकरार, वारसनोंदीचे अर्ज, दिवसभर इनस्क्रिप्ट या कीबोर्ड-मांडणीवर मराठी. तिचं उजवं मनगट धरायला लागलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, मध्येमध्ये हात थांबवा. ती काही थांबेना, कारण समोर गिऱ्हाईक उभं असतं. मग मी म्हटलं, मी एक प्रोग्राम लिहून देतो. मागे गपचूप बसेल, बटणं आणि क्लिक मोजेल, दोन हजार झाले की कोपऱ्यात खिडकी दाखवेल: 'मावशी, हात खाली.'

रविवारचं काम आहे असं वाटलं होतं. तीन रविवार गेले. त्यात ज्या खड्ड्यांत मी पडलो ते तुम्हाला आधीच दिसावेत म्हणून हे लिहितोय. मुख्यतः सगळं विंडोजसाठीचं आहे; सी-शार्प ही प्रोग्रामिंगची भाषा थोडीफार येत असेल तर पुरे. फंक्शनांची नावं इथे देवनागरीत, मध्ये रेघा देऊन लिहिली आहेत. रेघा काढून इंग्रजीत टाकलं की मायक्रोसॉफ्टच्या कागदपत्रांत सापडतील.

पायरी १: खरंच सगळं ऐकायची गरज आहे का?

बहुतेक वेळा नसते. नवशिका माणूस सरळ हुककडे, म्हणजे प्रत्येक बटण वाटेतच थांबवून बघायच्या सोयीकडे (पायरी ३), धावतो आणि फसतो.

तुम्हाला एखादा शॉर्टकट हवा असेल, म्हणजे कुठल्याही खिडकीत असताना कंट्रोल-आल्ट-एम दाबलं की आपला प्रोग्राम पुढे यावा, तर रजिस्टर-हॉट-की पुरतं. विंडोज तेवढंच कॉम्बिनेशन तुमच्याकडे पाठवतं, बाकी टायपिंगशी तुमचा संबंधच येत नाही. बटण दाबून धरलं की शॉर्टकट पुन्हापुन्हा सुटतो. विंडोज ७ पासून त्यासाठी मॉड-नो-रिपीट हा पर्याय आहे, तो लावा.

माणूस जागेवर आहे की उठून गेलाय एवढंच बघायचं असेल तर गेट-लास्ट-इनपुट-इन्फो. शेवटचं बटण किंवा माउसची हालचाल कधी झाली तो आकडा मिळतो, मिलिसेकंदांत, मशीन सुरू झाल्यापासून मोजलेला. दर पाच सेकंदांनी विचारत राहा, झालं. हा आकडा ३२ बिटांचा असल्यामुळे साधारण ४९.७ दिवसांनी पुन्हा शून्यावर येतो. दुकानातलं मशीन रोज बंद होतं म्हणून मला ते भोवलं नाही. ज्यांचे पीसी महिनोन्‌महिने चालू असतात त्यांनी वजाबाकी जपून करावी.

मला मात्र मोजायचं होतं, म्हणून पुढे जावं लागलं.

पायरी २: 'बॅकग्राउंड' म्हणजे सर्व्हिस नव्हे

पहिला रविवार इथे गेला. मागे चालणारा प्रोग्राम म्हणजे विंडोज सर्व्हिस, असं माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं. सर्व्हिस लिहिली, लावली, हिरवी चालू दिसायला लागली आणि मोजणी शून्य. तासभर कोडमध्ये चूक शोधत बसलो. चूक कोडमध्ये नव्हतीच. विंडोज प्रत्येक लॉगिनला वेगळी जागा देतं, तिला सेशन म्हणतात; व्हिस्टापासून सगळ्या सर्व्हिसेस सेशन ० मध्ये वेगळ्या बसवल्या जातात आणि लॉगिन केलेला माणूस सेशन १ किंवा त्यापुढे असतो. तिथून इथलं बटण ऐकू येत नाही. कळव्यात उभं राहून नौपाड्यातली दाराची बेल ऐकू येईल का, तसं.

आपल्याला हवा साधाच विंडोज प्रोग्राम, मुख्य खिडकी नसलेला, घड्याळाजवळ ट्रेमध्ये आयकन असलेला. लॉगिन झाल्यावर तो टास्क शेड्युलरकडून, म्हणजे ठरल्या वेळी प्रोग्राम सुरू करणाऱ्या विंडोजच्याच सोयीकडून, सुरू करून घ्या. तिथे 'लॉग ऑन झाल्यावर' हा ट्रिगर निवडता येतो आणि अर्ध्या मिनिटाचा उशीरही देता येतो. हा उशीर का लागतो ते पायरी ५ मध्ये कळेल.

पायरी ३: हुक लावा

ऐरोलीचा टोलनाका आठवा. लहान गाड्यांना २०२४ च्या ऑक्टोबरपासून टोल माफ झाला, पण त्याआधीची रांग ज्यांनी भोगली आहे त्यांना हुक लगेच समजेल. हुक म्हणजे नाका. दाबलेलं प्रत्येक बटण आधी तुमच्या फंक्शनपाशी येऊन थांबतं, तुम्ही 'जा' म्हटलं की मग ते वर्डपर्यंत किंवा ब्राउझरपर्यंत पोचतं.

नाका बसवणारं फंक्शन आहे सेट-विंडोज-हुक-एक्स. त्याला चार गोष्टी लागतात. हुकचा प्रकार: लो-लेव्हल कीबोर्डसाठी १३, लो-लेव्हल माउससाठी १४. मग तुमच्या फंक्शनचा पत्ता. मग तुमच्या प्रोग्रामचा मॉड्यूल हँडल, म्हणजे विंडोजने त्याला दिलेला ओळखक्रमांक. आणि शेवटी थ्रेडचा (प्रोग्रामच्या आत स्वतंत्र चालणाऱ्या कामाच्या धाग्याचा) क्रमांक, जो इथे शून्य द्यायचा. शून्य म्हणजे या डेस्कटॉपवरचे सगळे. नेटवर जुन्या लेखांत दुसऱ्या प्रोग्राममध्ये डीएलएल, म्हणजे आपल्या कोडची फाइल, घुसवायचे उद्योग दिसतील. या दोन लो-लेव्हल हुकना त्याची गरज नाही, ते तुमच्याच थ्रेडवर चालतात.

'तुमच्याच थ्रेडवर' हे नीट वाचा. ज्या थ्रेडने हुक लावला त्याच्याकडे मेसेज लूप, म्हणजे विंडोजचे निरोप एकेक करून उचलणारा फेरा, फिरत असायलाच हवा. कन्सोल प्रोग्राममध्ये हुक लावून पुढे थ्रेडला झोपवलं तर हुक लागतो, हँडलही मिळतो, पण फंक्शन कधीच बोलावलं जात नाही. उलट अख्ख्या मशीनचा माउस अडखळायला लागतो. नाका उभारला, माणूस बसवलाच नाही. विंडोज फॉर्म्समध्ये (सी-शार्पमधून खिडक्या बनवायची सोय) ॲप्लिकेशन-रन म्हटलं की लूप आपोआप मिळतो.

फंक्शनमध्ये तीन गोष्टी येतात: एक कोड, मेसेजचा क्रमांक, आणि माहितीच्या पेटीचा पत्ता. कोड शून्यापेक्षा कमी असेल तर काहीही न बघता कॉल-नेक्स्ट-हुक-एक्सला द्यायचं. इतर वेळीही आपलं काम उरकून शेवटी तेच. शून्याव्यतिरिक्त काही परत केलं तर ते बटण गिळलं जातं, समोरच्या प्रोग्रामला पोचतच नाही. मोजणाऱ्या प्रोग्रामने कधीही काहीही गिळू नये.

सी-शार्पवाल्यांसाठी एक सापळा आहे. हुकला दिलेला डेलिगेट (फंक्शनचा पत्ता धरणारी वस्तू) जागच्या जागी तयार करून पाठवलात, तर सी-शार्पच्या दृष्टीने तो कुणी वापरत नाही, आणि वापरात नसलेली मेमरी साफ करणारा गार्बेज कलेक्टर त्याला उचलून नेतो. प्रोग्राम पाच-दहा मिनिटं छान चालतो आणि मग धाडकन पडतो, दर वेळी वेगळ्या क्षणी. डेलिगेट एका स्टॅटिक फील्डमध्ये धरून ठेवा. एका ओळीचं काम आहे.

पायरी ४: नाक्यावर गप्पा मारू नका

लेखातलं सगळ्यात महत्त्वाचं हेच, म्हणून जरा रेंगाळतो.

पहिल्या आवृत्तीत मी प्रत्येक बटणाला फाइलमध्ये एक ओळ लिहीत होतो. माझ्या लॅपटॉपवर काही जाणवलं नाही. मावशीच्या मशीनमध्ये जुनी फिरती हार्ड डिस्क. ती 'सदर' टाइप करायची आणि पडद्यावर 'स' यायचा, मग थांबून 'दर'. ती मला फोन करून म्हणाली, "अरे, तुझ्या प्रोग्रामने माझा कीबोर्ड म्हातारा केला."

प्रत्येक बटण तुमच्या फंक्शनपाशी उभं आहे आणि मागे रांग आहे. फंक्शनमध्ये एक आकडा वाढवा आणि बाहेर पडा. फाइल, डेटाबेस, नेटवर्क, खिडकी दाखवणं, सगळं दुसऱ्या थ्रेडवर किंवा टायमरवर. माझ्या हुकवाल्या शेवटच्या आवृत्तीत हुकच्या आत आठ ओळी होत्या आणि टायमर मिनिटातून एकदा आकडा उचलून न्यायचा.

हळू काम करणाऱ्याला विंडोज फार वेळ सहन करत नाही. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या वहीत, लो-लेव्हल-हुक्स-टाइमआउट नावाची मर्यादा असते. विंडोज १० च्या १७०९ आवृत्तीपासून ती जास्तीत जास्त १००० मिलिसेकंद. ती ओलांडली की बटण तुम्हाला डावलून पुढे जातं. विंडोज ७ पासून तर वारंवार ओलांडल्यास हुकच काढून टाकला जातो, आणि याची सूचना तुमच्या प्रोग्रामला मिळत नाही. प्रोग्राम चालू, आयकन जागेवर, मोजणी बंद.

हे मला कळलं ते असं. माउसच्या हुकमध्ये मी ब्रेकपॉइंट ठेवला, म्हणजे चुका शोधायच्या डीबगरला 'इथे थांब' सांगणारी खूण. माउस हलवला, डीबगर थांबला आणि त्याबरोबर सगळ्या मशीनचा बाणच थिजला. थोड्या थोड्या वेळाने एक उचकी, बाण बोटभर पुढे. डीबगर बंद करायचं बटण पडद्याच्या दुसऱ्या टोकाला. मी आपला उचक्या मोजत तिकडे निघालो, आणि अर्ध्या वाटेत माउस अचानक लोण्यासारखा चालायला लागला. मला वाटलं, सुटलो. प्रत्यक्षात विंडोजने माझा हुक उपटून फेकला होता. हुकच्या आत ब्रेकपॉइंट ठेवू नका. आकडे रांगेत टाका आणि ब्रेकपॉइंट रांग उपसणाऱ्या थ्रेडवर ठेवा.

पायरी ५: मोजताना कुठे चुकतं

मावशीने बॅकस्पेस दाबून धरलं की मोजणी शंभराने उडायची. दाबून धरलेलं बटण पुन्हापुन्हा 'दाबलं' म्हणूनच येतं आणि लो-लेव्हल हुकमध्ये ही पुनरावृत्ती आहे हे सांगणारी खूण नसते. उपाय साधा: २५६ खणांचा एक तात्पुरता तक्ता ठेवा, बटण खाली गेलं की खूण, वर आलं की पुसा, आणि आधीच खूण असेल तर मोजू नका. स्क्रीन लॉक झाली की 'वर आलं' हा निरोप कधी कधी येतच नाही आणि खूण अडकून राहते. म्हणून लॉक-अनलॉकच्या वेळी सगळा तक्ता पुसून टाका.

आल्टबरोबर दाबलेली बटणं वेगळ्या मेसेजने येतात. साध्या दाबण्याचा क्रमांक २५६, आल्टवाल्यांचा २६०. दोन्ही तपासा.

आता मराठी. हुकला अक्षर कळत नाही, बटण कळतं. इनस्क्रिप्टवर 'क' उमटवा, हुकच्या हाती ७५ पडतो, म्हणजे के. 'व्यक्ती'तला 'क्त' लिहायला क, हलन्त, त अशी तीन बटणं लागतात: के, डी, एल. मला तर हेच हवं होतं. अक्षरं किती झाली याचं मनगटाला सोयरसुतक नाही, बोट किती वेळा आपटलं ते मोजायचं.

पण दुकानात दुसऱ्या मशीनवर जुन्या फॉन्टसाठीचं एक टायपिंग सॉफ्टवेअर आहे. ते स्वतःही हुक लावतं, तुमचं बटण गिळतं आणि त्याऐवजी आपली दोन-तीन बटणं कृत्रिमपणे पाठवतं. तिथे माझी मोजणी तिपटीने वाढली. माहितीच्या पेटीत फ्लॅग्ज, म्हणजे हो-नाहीच्या खुणा, असतात, त्यात १६ चा बिट लागलेला असेल तर ते बटण बोटाने नाही, सॉफ्टवेअरने दाबलेलं आहे. ती वगळली. दुसऱ्या दिवशी मोजणी शून्य! झालं असं की हुकच्या साखळीत जो शेवटी लागतो त्याला पहिली संधी मिळते. त्या दिवशी माझा प्रोग्राम आधी सुरू झाला होता, त्यामुळे खरं बटण ते सॉफ्टवेअर माझ्याआधीच गिळत होतं, आणि माझ्यापर्यंत फक्त कृत्रिम बटणं येत होती, जी मी इमानेइतबारे वगळत होतो. टास्क शेड्युलरमधला अर्ध्या मिनिटाचा उशीर याच्यासाठी: ते आधी सुरू होऊ द्यायचं, आपण मागून लागायचं.

माउसचं थोडक्यात. साधा यूएसबी माउस सेकंदाला १२५ वेळा आपली जागा कळवतो, गेमिंगचा १००० वेळा. हालचालीचा मेसेज आला की पहिल्याच ओळीत पुढे ढकला. डावं बटण खाली गेलं की ५१३, उजवं ५१६, तेवढेच मोजा. चाकाचा एक खटका म्हणजे १२०.

पायरी ६: जिथे दिसत नाही, तिथे दिसू नये म्हणूनच दिसत नाही

कंट्रोल-आल्ट-डिलीट हुकला अडवता येत नाही. लॉक स्क्रीनवरचा पासवर्ड दिसत नाही. 'बदल करू द्यायचे का' म्हणून पडदा काळवंडून येणारी खिडकी दिसत नाही. आणि एखादा प्रोग्राम ॲडमिन म्हणून चालू असेल आणि तो समोर असेल, तर साध्या हक्कांनी चालणाऱ्या तुमच्या हुकला तिथली बटणं येत नाहीत. यातलं काहीही बिघडलेलं नाही. ॲडमिन म्हणून चालवून ही भिंत ओलांडायचा मोह होईल. दोनशे बटणं कमी मोजली गेली तर काही अडत नाही, राहू द्या.

ब्राउझरमधला पासवर्ड मात्र हुकपुढून जातो. बँकेचाही. म्हणून पायरी ८ वाचल्याशिवाय कुणाच्या मशीनवर हे लावू नका.

पायरी ७: नाक्याऐवजी कॅमेरा

तिसऱ्या रविवारी मी अर्धा प्रोग्राम फेकून दिला. गाड्या नुसत्या मोजायच्या असतील तर रस्ता कशाला अडवायचा? वर कॅमेरा लावा. विंडोजमध्ये त्याला रॉ इनपुट म्हणतात, एक्सपीपासून आहे.

एक न दिसणारी, फक्त मेसेज घेणारी खिडकी तयार करा. रजिस्टर-रॉ-इनपुट-डिव्हायसेसला सांगा: युसेज पेज १, त्यात युसेज ६ म्हणजे कीबोर्ड, २ म्हणजे माउस. सोबत इनपुट-सिंक हा फ्लॅग आणि त्या खिडकीचा हँडल. हा फ्लॅग विसरलात तर तुमचा प्रोग्राम समोर असेल तेव्हाच निरोप येतील, म्हणजे कधीच नाही. मग डब्ल्यूएम-इनपुट हा मेसेज येत राहतो, गेट-रॉ-इनपुट-डेटाने आतली माहिती काढायची. फ्लॅग्जमध्ये १ चा बिट असेल तर बटण वर आलं, नसेल तर खाली गेलं. दाबून धरलेल्या बटणाची पुनरावृत्ती इथेही येते, तो तक्ता ठेवाच.

इथे तुम्ही हळू पडलात तरी कुणाचं टायपिंग अडत नाही. शिवाय निरोप कोणत्या उपकरणातून आला तेही कळतं. बारकोड स्कॅनर कॉम्प्युटरला कीबोर्डच वाटतो. वागळे इस्टेटमध्ये एका ओळखीच्या गोदामात याच सोयीने स्कॅनरची बटणं आणि माणसाची बटणं वेगळी काढता आली. अडवता मात्र काही येत नाही. माझं मत: मोजायचं असेल तर रॉ इनपुट, अडवायचं किंवा बदलायचं असेल तरच हुक. मला हे आधी कुणी सांगितलं असतं तर दोन रविवार उपवन तलावावर गेलो असतो.

मॅकवर याला इव्हेंट टॅप म्हणतात. २०१९ च्या कॅटालिनापासून बटणं ऐकायला माणसाने सेटिंग्जमध्ये 'इनपुट मॉनिटरिंग'ची परवानगी स्वतः द्यावी लागते. टॅप हळू पडला तर मॅकही तो बंद करतो, पण निदान तसा निरोप पाठवतो, तो आला की पुन्हा चालू करायचा. लिनक्सवर पडदा आणि कीबोर्ड सांभाळणाऱ्या जुन्या एक्स-११ या व्यवस्थेत एक्स-रेकॉर्डने जमतं. तिच्या जागी आलेल्या वेलँडमध्ये एका प्रोग्रामला दुसऱ्याची बटणं मुद्दामच दिली जात नाहीत. थेट डेव्ह-इनपुट फोल्डरमधून वाचता येतं, पण त्यासाठी यूजरला इनपुट ग्रुपमध्ये टाकावं लागतं, आणि मग त्या यूजरचा कुठलाही प्रोग्राम सगळं वाचू शकतो. मी टाकणार नाही. पायथनवाल्यांना पायनपुट नावाची लायब्ररी तिन्हीकडे उपयोगी पडते. विंडोजवर ती आतून हेच हुक वापरते, तेव्हा पायरी ४ त्यांनाही लागू.

पायरी ८: किती साठवायचं

मावशीने पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "हे माझं टाइप केलेलं वाचतं का?"

"नाही गं, नुसतं मोजतं."

"मला माहितीय तू वाचणार नाहीस. पण माझ्याकडे लोकांच्या घटस्फोटाचे कागद असतात. मशीन उद्या दुसऱ्याच्या हातात गेलं तर?"

तेव्हा मी फाइलमध्ये बटणाचा क्रमांकही लिहीत होतो, 'पुढे लागेल' म्हणून. त्याच रात्री काढला. आता मिनिटाला एक ओळ: वेळ, बटणांची संख्या, क्लिकची संख्या. कोणतं बटण ते डिस्कवर कधीच जात नाही. पुनरावृत्तीचा तक्ता मेमरीत असतो आणि बटण वर येताच पुसला जातो.

आयकन कायम दिसू द्या, त्यावर उजवं क्लिक केलं की 'थांबव' आणि 'बंद कर' हवं. बंद करताना अनहुक-विंडोज-हुक-एक्स बोलवा. अँटिव्हायरस कुरकुर करेल, कारण पासवर्ड चोरणारेही हीच फंक्शनं वापरतात. प्रोग्राम लपवत बसू नका, त्यावर डिजिटल सही करा आणि मशीनच्या मालकाला विचारून अपवाद टाका. मालकाला न सांगता दुसऱ्याच्या मशीनवर असं काही बसवणं माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ मध्ये येतं, आणि बेइमानीने किंवा फसवायला केलं असेल तर कलम ६६ मध्येही: तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मुलाचा, बायकोचा, नोकराचा फोन-लॅपटॉप 'जरा बघायला' हे कोड मागणारे मला दोघे भेटले. दोघांना चहा पाजून परत पाठवलं.

पायरी ९: खिडकी दाखवा, पण पुढे घुसू नका

सगळं जमल्यावर आठवड्याने मावशी म्हणाली, "तुझी ती सूचना काही येत नाही."

लॉग पाहिला तर रोज सहा-सात वेळा खिडकी दाखवली गेली होती. तिच्या शेजारी बसलो. दोन हजार झाले, खिडकी आली, आणि येताना टायपिंगचा फोकस स्वतःकडे ओढून घेतला. 'ठीक आहे' हे बटण आधीच निवडलेलं. मावशीचा अंगठा त्याच क्षणी स्पेसबारवर पडला आणि खिडकी मिटली. तिने मान वर केलीच नव्हती. नजर बाजूच्या कच्च्या मसुद्यावर. त्यात तिचा एक शब्दही खिडकीने खाल्ला.

विंडोज फॉर्म्समध्ये शो-विदाउट-ॲक्टिव्हेशन ही प्रॉपर्टी ओव्हरराइड करून तिच्यातून ट्रू परत करा, म्हणजे खिडकी दिसते पण फोकस घेत नाही. 'ठीक आहे' बटण काढून टाका. हात दोन मिनिटं खरंच थांबले की ती आपोआप जाऊ दे. हात थांबले का, हे गेट-लास्ट-इनपुट-इन्फो सांगतं, पायरी १ मधलंच. मावशी आता खिडकी आली की समोरच्याला म्हणते, "बसा, मशीन थांबलंय."